म्हाळूची कॅसेट

मेंढरांमागं जो चालू शकत नाही तो गडी कसला, असं मानणाऱ्या घरात म्हाळू जन्मला आणि लहानपणीच पोलिओनं त्याचा उजवा पाय नेला. पुढं खुटबावात जमीन झाली, ऊस लागला, मेंढरं नावाला उरली. घरची नजर मात्र बदलली नाही. थोरला भाऊ बिरदेव त्याला चारचौघांत ‘आमचं बसून खाणारं कोकरू’ म्हणायचा. लोक हसायचे. लोकांचं काय जातंय?

शहाण्णव साली शिक्रापूरच्या कारखान्यातल्या मामानं कुणा साहेबाचा टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला. दिसायला नुसता कीबोर्ड. एकीकडं टीव्ही जोडायचा, दुसरीकडं टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की गेम चढायचा. वरून शत्रूची यानं रांगेनं उतरायची, खालून आपण ती टिपायची. म्हाळूच्या पायात नव्हतं ते सगळं बोटांत होतं. त्याला लंगड्या म्हणणारी तोंडं दारात येऊन ‘म्हाळूदादा, एक डाव द्या की’ म्हणू लागली. सुखानं त्याला रडू यायचं.

वरवंडचा ज्ञानेश शेठ गेमचं दुकान काढणार होता. त्यानं निरोप धाडला: शुक्रवारी येतो, मशीन चालवून दाखव; पसंत पडलं तर तुलाच गल्ल्यावर बसवतो, मागं राहायला खोली आहे. भावाच्या घरातून सुटका! म्हाळूला दुसरं काहीच नको होतं.

गुरुवारी तो दौंडला नवा सदरा आणायला गेला. इकडं त्याच्या वडिलांनी, आण्णांनी, देवापुढं सुंबरान, म्हणजे धनगरी ओव्यांचं गाणं, मांडलं. म्हाताऱ्याचा गळा त्या दिवशी असा लागला की बिरदेवला ते भरून ठेवावंसं वाटलं. हाताशी एकच कॅसेट. वाजवली तर नुसती किंचाळत होती; गेमची कॅसेट गाण्यासारखी वाजवली की अशीच वाजते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ही बिघडलेली, असं ठरवून त्यानं तिच्यावरच गाणं भरलं. खेळायला येणाऱ्यांनी चुकून पुसू नये म्हणून म्हाळूनं कॅसेटच्या कडेची टिकली मोडली होती. टेप भरू देईना, तेव्हा बिरदेवनं त्या भोकात कागद कोंबला. एक प्रत काढून ठेवण्याचं शहाणपण म्हाळूला सुचलं नव्हतं. घरातल्यांपासून काय जपायचं?

“दादा, समदा गेम त्यातच व्हता,” दौंडहून परतलेला म्हाळू म्हणाला.

“मग काय, तुझ्या खेळापायी देवाचं गाणं पुसू?” बिरदेव म्हणाला.

“पुसूनबी आता माघारी येत न्हाई.”

“येत न्हाई ना? मग रडतूस कशाला?” आण्णा म्हणाले.

शुक्रवारी शेठ आला. पडदा कोराच राहिला. म्हाळूनं सांगायचा प्रयत्न केला, पण शेठ घड्याळ बघू लागला. पाहुणा नाराज होऊन जाऊ नये म्हणून आण्णांनी गाणं लावलं. शेठ डोळे मिटून ऐकत बसला.

“माझ्या आईला लई आवडंल. गाडीत कोरी कॅसेट हाय, भरून देता का?”

“म्हाळू देईल की. त्याला त्यातलं कळतं,” बिरदेव म्हणाला.

शेजारचा टेप आणून म्हाळूनं गाणं भरून दिलं. तोवर शेठचा चहा झाला. तो खूश होऊन गेला. दुकानाचं नावही कुणी काढलं नाही.

“बघ,” बिरदेव म्हणाला, “तुझी कॅसेट एकदाची कामाला आली.”

सगळे हसले. म्हाळूही हसला. जेवायला त्याला त्याच घरात बसायचं होतं.