उंबऱ्याबाहेर ओतलेलं सोनं

आमच्या आळंद तालुक्यात उंबऱ्याबाहेर सोनं ओतणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. आणि त्यावर न रागावणारा माणूसही एकच, तो म्हणजे माझा धाकटा मेहुणा. झालं असं, की लेक दवाखान्यातून रडणाऱ्या बाळाला घेऊन दारात आली. नजर उतरवायला हळद-चुन्याचं लाल पाणी हवं होतं. फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी लाल पाण्याची बाटली दिसली. बायकोनं कालवून ठेवलं असेल म्हणून मी ती ताटात रिकामी केली. बायकोनं ओवाळलं आणि पाणी अंगणात फेकलं. बाटली निघाली मेहुण्यानं ठेवलेली, सोन्याच्या पाण्याची. सोन्याचे कण अतिबारीक केले की पाणी पिवळं नाही, लाल दिसतं, हे मला कुठं ठाऊक!

मेहुणा कलबुर्गीला प्रयोगशाळेत असतो. चाळिशी उलटली, लग्न नाही, पण बोलणं सगळं सोयरिकीचं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगणार, "दाजी, डीएनए म्हणजे जोडीचे दोन धागे. एक धागा मी सोन्याच्या कणाला बांधून पट्टीवर बसवतो. मातीत रोग असला की त्याचा धागा येऊन याला चिकटतो, अन् पट्टीतली वीज बदलते." मी "व्हय" म्हणून वरण मागतो. एकदा मुलगी बघायला गेला, तर तिच्या वडलांना तासभर हेच समजावलं. मुलीचं नाव विचारायचं राहिलं.

गेल्या साली आमची तूर मर रोगानं उभ्या उभ्या वाळली. यंदा त्या रानात पुन्हा तूर पेरायची की उडीद, हे त्या बाटलीवर ठरायचं होतं. शेजाऱ्यांच्या पेरण्या चालू, आणि आमचं सोनं अंगणात. तेवढ्यात मेहुणा माती तपासायला आला.

"कामून तोंड पाडून बसलात, दाजी?"

मी सांगितलं. तो उकिडवा बसून ओल्या डागाकडं बघत राहिला.

"बाळ रडायचं थांबलं का?"

"थांबलं."

"मग वाया न्हाई गेलं की."

त्याच पावली त्यानं कलबुर्गीची बस धरली आणि दुसऱ्या दिवशी नवं सोनं घेऊन आला. पट्टीनं मातीत रोग दाखवला. जोडी जुळली म्हणून इतका उदास झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही उडीद पेरला.

तो गेल्यावर बायको रिकाम्या रस्त्याकडं बघत दारातच उभी राहिली. म्हणाली, "आल्या-गेल्या समद्यांवरनं पाणी उतरवलं मी. ह्यो एकटाच येतो, एकटाच जातो, म्हणून ह्याच्यावरनं कधी उतरवलंच न्हाई बघा. फुडच्या बारीला उतरवते. हळद मी कालवीन, तुम्ही फ्रिज उघडू नका."