उस्तो तोलिबचं चुकलेलं माप

मस्तुरा-आपांनी ताजिकिस्तानातल्या इस्फाऱ्याच्या एकाच गल्लीत एकेचाळीस वर्षं सुया टोचल्या. दिवसा दवाखान्यात आणि संध्याकाळी घरोघर. वीज नसायची त्या हिवाळ्यांत त्यांनी सुया चुलीवर उकळल्या आणि गुडघाभर बर्फातून चालत जाऊन टोचल्या. गल्लीतला पन्नाशीच्या आतला एकही पार्श्वभाग आपल्याला अनोळखी नाही, असं त्या भर बैठकीत सांगत. ज्यांच्याबद्दल सांगत ते मिशीवाले बाप्ये चहाच्या पेल्यात बघत बसत. कोणी उपकाराची भाषा काढली की त्या तोडून टाकत, "उपकार कसले? पगार घेते मी."

अशा बाईच्या दोन्ही गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला. जमिनीवर बसलं की उठताना आधी ओणवं व्हायचं, हात टेकायचे, मग कोणीतरी काखेत हात घालून ओढायला हवं. दुसऱ्यांना उभं करण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना हे कसं सोसावं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आपांनी घरातसुद्धा कोणाला सांगितलं नाही. लग्नाचं बोलावणं आलं की डोकं दुखायचं. बाळाला पाळण्यात घालायचं आमंत्रण आलं की पोट बिघडायचं. दोन वर्षं ही बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर एकटीच जेवत होती आणि अंगणातलं लोकांचं हसणं भिंतीआडून ऐकत होती.

म्हणून मुलानं, इल्होमनं, अंगणात जर्दाळूखाली नवा तापचान करायचं काढलं तेव्हा आपांचा सगळा जीव त्यात अडकला. चार बाजा जोडाव्यात एवढी ती उंच लाकडी बैठक. उन्हाळाभर माणसं तिच्यावरच जेवतात, झोपतात, भांडतात. काठावर टेकलं, पाय वर घेतले की झालं, जमिनीशी संबंधच नको! पण इल्होमनं आराखडा दाखवला आणि आपांचं तोंड उतरलं. तीन बाजूंना कठडा होता. पायरी एकाच टोकाला होती, आणि मानाची जागा पायरीपासून सगळ्यात लांब, भिंतीला लागून.

"तिथे तू बसायचंस, आई. गल्लीत तुझ्याएवढं मोठं आता कोण उरलंय?"

तिथं पोचायचं म्हणजे मांडून ठेवलेल्या दस्तरखानाच्या, म्हणजे जेवणाच्या कापडाच्या, कडेनं, बसलेल्या सगळ्यांच्या पाठीमागून, गाद्यांवरून रांगत जायचं. दस्तरखानावर पाय पडला तर मेल्याहून मेल्यासारखं.

"मी आपली पायरीपाशीच बसते," आपा म्हणाल्या.

"चपलांपाशी?" सून शाहनोझा केवढ्यांदा ओरडली. "अहो, लोक काय म्हणतील? सासूला चपलांशेजारी बसवलं म्हणून माझी आईच आधी माझी चामडी सोलेल!"

मान द्यायला निघालेल्या माणसांपुढे कोणाचं काही चालत नाही.

लाकूड निवडायला गल्लीतले सुतार उस्तो तोलिब यांना बरोबर घेतलं. बोलणं मोजकं आणि कापणं त्याहून मोजकं, असा हा माणूस. चाळीस वर्षांत आपण एक फळी आखूड कापली नाही, एवढी एकच बढाई ते मारत. आपाही हट्टानं गाडीत बसल्या. बैठक नशिबात नसली तर निदान लाकूड तरी बघावं.

लाकूडबाजारात इल्होमचं सुरू झालं. "उस्तो, सांगाडा लोखंडी करू या का? माझा मित्र वेल्डिंग करतो."

"कर की. जुलैत त्याच्यावर अंडी तळ आणि जानेवारीत पाठ चिकटवून घे."

"मग पॉपलर? सरळ आहे, स्वस्त आहे."

"पॉपलर छपराखाली शोभतो. तुमच्या अंगणात पाटाचं पाणी येतं. दोन वर्षांत तुझ्या सासऱ्याच्या दातांसारखा हलायला लागेल."

"आणि हे सायबेरियाचं पाइन? वास बघा किती छान येतोय!"

"उन्हात त्याला डिंक सुटतो. पाहुणे उठून जातात, पायजमे तिथंच राहतात."

शेवटी पायांना आणि कठड्याला तुती, बैठकीला करागाच नावाच्या झाडाच्या चिवट फळ्या असं ठरलं. उस्तो एकेक फळी बोटानं वाजवून, कानाशी धरून निवडत होते. तेवढ्यात दमलेल्या आपा फळ्यांच्या एका बुटक्या थप्पीवर बसल्या, आणि फसल्या. उठता येईना. रुमाल शोधल्याचं सोंग केलं, चप्पल झटकली, अखेर शेजारच्या खांबाला धरून कशाबशा उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्या एका उंच थप्पीवर टेकल्या आणि सहज उठल्या. मागे वळून बघतात तर उस्तो त्या उंच थप्पीला टेप लावून उंची मोजत होते. हा माणूस विकत न घ्यायचं लाकूडसुद्धा मोजतो, असं आपांना वाटलं.

काम चार दिवस चाललं. इल्होम दिवसभर टायरच्या दुकानात असायचा. पाचव्या दिवशी दुपारी भाताची मोठी कढई चढली आणि शेजारीपाजारी जमले. बैठक पाहून सगळे वाहवा म्हणाले, तेवढ्यात इल्होम थबकला.

"उस्तो, हे काय? भिंतीपाशी कठड्याला भगदाड कसलं?"

मानाच्या जागेला लागूनच कठडा हातभर तुटलेला होता. खाली एक रुंद पायरी ठोकलेली होती.

"तुती कमी पडली," उस्तो म्हणाले. "माप चुकलं माझं. भोक वाईट दिसत होतं म्हणून खाली पायरी ठोकली."

क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. मग हशा पिकला. नानवाला रजब तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "सातदा मोजायचं आणि एकदा कापायचं म्हणता ना, उस्तो? आठव्यांदा मोजायचं राहिलं वाटतं!"

"उंचीसुद्धा चार बोटं जास्त झालीय!" कोणीतरी ओरडलं.

"मग माझ्या नव्या दारांचं काम द्यायचं की नाही, विचार करावा लागेल बुवा," रजब म्हणाला. ते मात्र त्यानं हसत म्हटलं नाही. उस्तोंचे कान लाल झाले. ते हातातलं पेन्सिलीचं थोटूक निरखत उभे राहिले.

आपा बाजूनं वळसा घालून आल्या. त्या रुंद पायरीवर उभ्या राहिल्या, तुतीचा खांब धरून टेकल्या, पाय वर घेतले. संपलं. पाठीला भिंतीकडची उशी, समोर दस्तरखान, ऊन ऊन भाताचं ताट, आणि दोन्ही बाजूंना माणसं. दोन वर्षांनी. त्या कशा चढल्या हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आपांना मात्र सकाळी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पाहिलेलं आठवलं. तिथं तुतीचा एक दांडा पडला होता, गुळगुळीत रंधा मारलेला, बरोबर हातभर लांब.

गप्प बसल्या असत्या तर मान राहिला असता, गुडघेही झाकलेले राहिले असते. किंमत तेवढी उस्तो मोजत राहिले असते.

"रजब, पुरे," आपा म्हणाल्या. "माप चुकलेलं नाही. माझे गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली. तुमच्यामधून रांगत यावं लागेल म्हणून मी कुठं जेवायला येत नव्हते. ह्या माणसानं मला एक शब्द विचारला नाही. माझी अब्रू राहावी म्हणून स्वतःच्या नावावर करवत चालवली. उस्तो, आयुष्यभर मी दुसऱ्यांना दिलं, त्यात काही अवघड नव्हतं. घेणं अवघड असतं हे आज कळतंय. तुमचे फार फार उपकार झाले हो!"

इल्होम आईकडे बघतच राहिला. शाहनोझानं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. उस्तो इतके अवघडले की पुटपुटले, "भात गार होतोय."

रजबचा घास हातातच थांबला होता.

"आपा," तो हळूच म्हणाला, "माझी आई गेल्या उन्हाळ्यापासून उंबरा ओलांडत नाही. म्हणते, आता माणसांचा कंटाळा आला. तिचंही असंच काही…"

"जा, घेऊन ये तिला," आपा म्हणाल्या आणि भिंतीकडे सरकल्या. "इकडच्या पायरीनं आण."