दाजींची एरंडेलावरची मोटार

आमच्या दाजींना, म्हणजे विजयमाला आक्काच्या नवऱ्याला, स्वस्थ बसणं माहीत नाही. वडूजमध्ये त्यांचं नाव घेऊन, नानासो कुठं राहतात असं विचारलं, की ‘फौजी का?’ असा उलटा प्रश्न येतो. फौजेत त्यांनी लडाखपासून राजस्थानपर्यंत ट्रक हाकले आणि बिघडले तिथंच दुरुस्त केले. मग एका घाटात गाडी कलंडली, कंबर कामातून गेली आणि डॉक्टरांनी यापुढं स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली. पेन्शन घेऊन दाजी घरी आले आणि ओट्यावर बसून जाणाऱ्या एसटीचे गिअर कसे चुकतात ते ऐकत राहिले. एवढा बोलका माणूस, पण त्या वर्षात आक्काशीसुद्धा धड बोलला नाही.

मी तेव्हा बोटीवर नोकरीला होतो. पंच्याण्णव साली सुट्टीवर येताना सिंगापूरहून त्यांच्यासाठी रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची शर्यतीची मोटार आणली. हे खेळणं नव्हतं हे आधीच सांगतो, कारण पुढं आक्कानं मला त्यावरून पुष्कळ ऐकवलं. चारही चाकांना खरे स्प्रिंग, धक्के जिरवायला तेल भरलेले करंगळीएवढे शॉकअप, आणि चाकं किती तिरकी ठेवायची तेही आपल्या हातात. दाजींनी मोटार दोन्ही हातांनी दाबली आणि सोडली. ती सावकाश वर आली आणि थांबली.

“ह्यात तर समदं हाय रं, मानसिंग,” ते म्हणाले आणि हसले. आक्का स्वयंपाकघरातनं बाहेर येऊन त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मला भरून आलं, पण मेव्हण्यानं दाजींसमोर रडायचं नसतं.

त्यानंतर बाजार समितीचा सिमेंटचा ओटा लिलाव नसेल तेव्हा दाजींचा झाला. वळणावर मोटारीचं ढुंगण घसरलं की मागचे स्प्रिंग मऊ करायचे, नाक बाहेर पळालं की पुढचे. बॉलपेनांचे स्प्रिंग कापून ते नवे स्प्रिंग करत, आणि घरात एकही पेन धड लिहीत नसे. टपावर बुक्क्याची पुडी ठेवून मोटार वळवायची आणि बुक्का कुठं सांडला त्यावरनं ती किती कलते ते ओळखायचं, ही त्यांची पद्धत. आक्का मोटारीला ‘सवत’ म्हणायची. जेवायला हाक मारताना “तुमी या, आन् सवतीला बी आणा” असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणायची.

मग शॉकअपमधलं तेल गळालं. तसलं तेल वडूजला कुठलं मिळायला? शिलाई मशीनचं घातलं तर मोटार बैलगाडीसारखी हेलकावे घेऊ लागली. शेवटी दाजींनी आक्काचं एरंडेल पळवलं. गल्लीतलं प्रत्येक बाळ आक्काच्या पायांवर न्हालेलं, त्यामुळं तिच्याकडं एरंडेलाची बाटली कायम भरलेली. ऐन उन्हाळ्यात, पत्र्याखाली घामाघूम होऊन दाजींनी ते तेल भरलं, आणि मोटार वळणाला अशी चिकटून गेली की ते स्वतःच खूश होऊन दोनदा टाळी वाजवून बसले.

गोष्ट बिघडली ती ज्ञानूमुळं. ज्ञानू आमच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. त्याला त्या वर्षीच्या देखाव्यात उंदीर पळवायचा होता आणि उंदराच्या पोटात घालायला दाजींची मोटार हवी होती. भर चौकात तो म्हणाला, “फौजी, ह्या वयात खेळून काय करताय? द्या की मंडळाला.” दाजींचं डोकं फिरलं. मेच्या सीझनला पाचगणीत एक हॉटेलवाला स्केटिंगच्या फरशीवर असल्या मोटारींची शर्यत ठेवणार होता. “तितं पहिल्या तिघांत आली न्हाई तर गाडी तुज्या उंदराला,” दाजी बोलून गेले. फौजीचा शब्द, तोही चौकात दिलेला. त्या रात्री ते जेवले नाहीत. हातात स्टिअरिंग म्हणून जे काही उरलं होतं ते त्या रिमोटमध्येच होतं, हे आक्काला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

पाचगणीला आम्ही चौघं गेलो. ज्ञानू साक्षीला आणि आक्का घोंगडी घेऊन, टेबललँड बघायला. पहाटेची एसटी, वर धुकं, आणि वडूजचा उन्हाळा खाली कुठंतरी राहिलेला. सरावाला मोटार सोडली तर ती फरशीच्या प्रत्येक सांध्यावर टणाटण उडायला लागली. वळणावर चक्क दोन चाकांवर गेली. पुण्या-सांगलीचे हौशी लोक आपापल्या मोटारी घेऊन आले होते, त्यांनी सभ्यपणे दुसरीकडं बघितलं. दाजींनी स्प्रिंग बदलले, चाकांचा तिरकेपणा बदलला, पण मोटार काही ऐकेना. “फरशीच वाईट हाय,” ते म्हणाले. ज्ञानू मात्र उंदराचं माप घेतल्यासारखा मोटारीकडं बघत होता. मला त्याला टेबललँडवरनं खाली ढकलावंसं वाटलं.

आक्कानं मोटार उचलली, शॉकअपला बोट लावलं आणि बोट तिथंच ठेवलं.

“आवं, ह्यात माजं एरंडेल हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग ते गारठलंय. असलं घट्ट तेल मी कवा बाळाच्या अंगाला लावलं का? आदी कोमट करायचं आसतंय.”

 दाजींनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि एवढ्या मोठ्यानं हसले की सगळी फरशी वळून बघू लागली. “म्या भरलं तवा पत्र्याखाली नुसती भट्टी हुती,” म्हणाले. चारही शॉकअप काढले, फडक्यात गुंडाळून चहावाल्याच्या किटलीला टेकवले आणि परत बसवले. बोलावणं येईपर्यंत आक्का घोंगडीत मोटार घेऊन, मांडी हलवत बसली. सवयच ती.

शर्यत सुरू झाली तशी मोटार फरशीला टेकून पळाली. सांध्यावर चाकं हलायची, अंग हलायचं नाही. पुण्याची एक मोटार वळणावर बाहेर फेकली गेली, दाजी आतनं गेले. सांगलीच्या एकाला त्यांनी शेवटच्या फेरीत गाठलं. कंबर विसरून ते वळणाबरोबर कलत होते. तिसरा नंबर आला. आक्कानं पहिल्या नंबरवाल्यालाही ऐकू जाईल अशी टाळी वाजवली, आणि माझा जीव भांड्यात पडला. ज्ञानूनं मुकाट्यानं चहाचे पैसे दिले.

परतीच्या एसटीत दाजी ज्ञानूला उंदरासाठी दुसरी गाडी कशी करायची ते समजावत होते. स्वतःच करून देतो म्हणाले. घाट उतरलो तसं ऊन लागायला लागलं. साताऱ्याच्या पुढं तर एसटीचा पत्रा नुसता तापला होता. आक्का मात्र मोटार मांडीवर घेऊन, वर घोंगडी आणि घोंगडीवर हात ठेवून बसलेली.

“अगं, आता कशाला पांघरूण?” दाजी म्हणाले. “तेल पातळ झालं आसंल एव्हाना. दे हिकडं.”

“ऱ्हाऊ द्या,” आक्का म्हणाली. “झोपलीय.”