विठा आगिवले, रंगमंच व्यवस्था

मी त्या एकांकिकेची नायिका होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्याबद्दल फारसं बरं काही येणार नाही.

आमचा ग्रुप अंबरनाथचा, नाव ‘खटपट’. गुरुदत्त सरांनी काढलेला. सर एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, लवकर निवृत्ती घेतली आणि आम्हा विशी-पंचविशीतल्या पोरांना घेऊन नाटकं बसवायला लागले. दर शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. अशा ग्रुपात सगळ्यांनाच नट व्हायचं असतं. ज्याला ते जमत नाही तो लाइट करतो, ज्याला तेही जमत नाही तो म्युझिक वाजवतो आणि ज्याला काहीच येत नाही त्याला बॅकस्टेजला टाकतात, अशी आमची समजूत. ती विठाने मोडली, आणि मोडताना जराही गोड बोलली नाही.

विठा आगिवले बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीची, ठाकर आदिवासींची. वडील भातशेती करतात. आई गयाबाई लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन बदलापूर गावात विकायला यायची. बारावी झाल्यावर विठा अंबरनाथच्या बुवापाड्यात मामाकडे राहायला आली आणि उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या एका कारखान्यात लागली. तीन वर्षांपूर्वी आमच्या नाटकाच्या चार पँटी तिथे अल्टर करायला टाकल्या होत्या, त्या द्यायला ही शेअर रिक्षाने हॉलवर आली. तालीम चालू होती म्हणून पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. तोच प्रवेश आम्ही दुसऱ्यांदा केला तेव्हा उठून म्हणाली, “तुमचा टेबल मघाशी हितं नव्हता. चौथ्या फरशीवर होता. म्हणून तो दादा आपटला.”

तो दादा म्हणजे गंधार, आमचा नायक. बिचारा गुडघा चोळत उभा होता. फरश्या मोजल्या तर पोरीचं बरोबर. सर हसले, म्हणाले, “पुढच्या शनिवारी ये.” ती आली आणि महिन्याभरात आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसली.

तिचे नियम कडक. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या सामानाच्या, टेबलावरच्या वस्तूला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. नाटकातली बिस्किटं नाटकातच खायची. तिसरी घंटा तीच देणार, आणि एकदा दिली की दिली. एकदा एका कार्यक्रमात पाहुणे उशिरा आले, संयोजक पडद्याआड धावत येऊन म्हणाले, दोन मिनिटं थांबा. विठा म्हणाली, “घंटा झाली.” पाहुणे अंधारात चाचपडत खुर्चीवर बसले. सरांनी मागाहून तिला झापलं, तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं.

आणि तिच्या त्या पट्ट्या. अंधारात सामान हलवताना कुठली वस्तू कुठे ठेवायची हे कळावं म्हणून सगळे ग्रुप स्टेजवर पांढरी चिकटपट्टी लावतात. स्पर्धेत एकाच स्टेजवर दिवसाला आठ ग्रुप, आठही जणांची पट्टी पांढरी. एकदा मी दुसऱ्याच ग्रुपच्या खुणेवर ऐटीत उभी राहून माझं अख्खं स्वगत अंधारात म्हटलं होतं. लाइट माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर पडला होता. सगळे हसले, विठा हसली नाही. पुढच्या शनिवारी ती कारखान्यातल्या जीन्सच्या कातरणाच्या पट्ट्या घेऊन आली. पलंगाला जाड कमरपट्टीचा तुकडा, टेबलाला शिवण वर केलेला, नटाच्या जागेला उसवलेला खरखरीत. आम्ही स्टेजवर अनवाणीच असतो. “अंधारात पायाला विचारायचं,” ती म्हणाली. तेव्हापासून आमचं कोणी चुकलं नाही. मी एकदा चुकले, पण ते मुद्दाम, गंधारच्या पुढे उभं राहायला. तिला बरोबर कळलं आणि तिने सगळ्यांदेखत सांगितलं.

आता त्या एकांकिकेकडे येते. तीन भावंडं वडिलांचा बंगला विकायला काढतात, अशी गोष्ट. पहिल्या प्रवेशात भरलेलं घर, दुसऱ्यात रिकामं. मध्ये वीस सेकंदांचा ब्लॅकआउट. तेवढ्यात विठा आणि सरांचा भाचा तुषार पलंग, टेबल, खुर्च्या काढून दोन ट्रंका आणून ठेवायचे. तुषार तिच्या हाताखाली शिकत होता आणि तिला घाबरून होता.

बदलापूरच्या स्पर्धेला पंधरा दिवस राहिले असताना सरांना कल्पना सुचली. सरांना प्रतीकांचा भारी नाद. दुसरा प्रवेश सुरू होताना एक आदिवासी बाई डोक्यावर मोळी घेऊन, एक शब्द न बोलता, रिकाम्या घरातून जाते. त्या जमिनीची मूळ मालकीण.

“विठा, हे तू करायचं,” सर म्हणाले. “तुला तर अभिनयही करावा लागणार नाही.”

“नाय,” विठा म्हणाली. ती खिळा ठोकत होती, तिने वरही पाहिलं नाही.

“अगं, किती दिवस अंधारात राहणार? उजेडात ये.”

“माझं काम अंधारातच हाये, सर.”

हिमानी, आमची दुसरी नटी, म्हणाली मी करते. सर म्हणाले, “तुला मोळी शोभायची नाही.” ते हिमानीला कौतुक वाटलं. मला काय वाटलं? काही नाही. खरंच काही वाटलं नाही, आणि आज त्याचीच लाज वाटते. विषय तिथेच संपला असं आम्ही धरून चाललो.

स्पर्धेच्या दिवशी आमची वेळ साडेअकराची. दहा वाजता मेकअप रूममध्ये संयोजकांची एक बाई आली आणि प्रवेशिकेवरची नावं वाचून हजेरी घ्यायला लागली. “कलाकार. हर्षदा, गंधार, हिमानी, विठा आगिवले. रंगमंच व्यवस्था, तुषार.” विठाच्या हातात हातोडी होती, ती तशीच राहिली.

“बाई, चुकलंय. रंगमंच व्यवस्था माझं हाये.”

बाईने कागद दाखवला. सरांच्याच अक्षरात. सरांनी फॉर्म भरताना तिचं नाव परस्पर कलाकारांत घातलं होतं. नियम असे की एका माणसाचं नाव एकाच विभागात, फॉर्म दिल्यावर बदल नाही, आणि कलाकार म्हणून नोंदवलेला माणूस रंगमंचावर दिसलाच नाही तर एकांकिका बाद. बाई नियम सांगून पुढच्या खोलीत गेली.

सर शांतपणे म्हणाले, “तुझ्या भल्यासाठीच केलं. सगळे तुला मोठं करायला बघतायत आणि तू एक.” पिशवीतून त्यांनी गुडघ्यापर्यंतचं लुगडं काढलं. मोळी विंगेत आणून ठेवलेलीच होती.

मग आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. गंधार म्हणाला, चार महिने तालीम केली, यार. हिमानी रडायला लागली. मी तर कमालच केली. म्हटलं, “एक मिनिट चालायचंय फक्त. एवढा कसला माज? तुझ्या एकटीच्या हट्टापायी आम्ही सगळ्यांनी घरी जायचं का?”

विठाने हातोडी टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघून बोलली, सरांकडे नाही.

“हर्षदाताई, माझी आय मोळी घेऊन तुमच्याच गल्लीत यायची. दुपारी बारा वाजता. पाणी मागितलं तर लोक बाहेरचा नळ दाखवायचे. तिचं नाव कोणी इचारलं नाय. आता तीच मोळी माझ्या डोक्यावर देऊन लाइटीत फिरवणार, आणि तेच लोक टाळ्या वाजवणार. आणि हे सर बोलतात, तुला अभिनय करायला लागणार नाय. तीन वर्षं हितं मी काय करते ते कोणाला दिसलंच नाय का?”

मी बदलापूर गावातली. आमच्या दाराबाहेर नळ आहे.

सर म्हणाले, “भाषण पुरे. स्टेजवर येणार की नाही, एवढं सांग. नाहीतर सगळ्यांना बाद कर.”

विठाने हातोडी पुन्हा उचलली. म्हणाली, “येणार. माझ्यापायी कोणी बाद होणार नाय.”

सरांचा चेहरा खुलला. लुगडं हिमानीच्या हातात देऊन, तिला तयार कर, असं सांगून ते प्रेक्षकांत जाऊन बसले. विठाने हिमानीच्या हातातून लुगडं घेतलं, घडी करून पुन्हा पिशवीत ठेवलं आणि लाइटवाल्या पदूकडे गेली. पदू एरवी वायरमनचं काम करतो. ती त्याच्याशी दोन वाक्यं बोलली. पदू म्हणाला, “सर मला मारून टाकतील ना, यार.” तिने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मग येऊन तिने नेहमीसारख्या पट्ट्या चिकटवल्या, सेट लावून घेतला आणि तिसरी घंटा दिली.

पहिला प्रवेश झकास झाला. शेवटी मी “विकून टाका!” असं ओरडते, सगळे जागच्या जागी थिजतात आणि अंधार होतो. मी ओरडले. थिजले. अंधार झाला नाही. एक सेकंद गेला, दोन गेले, लाइट भरपूर. मनात पदूला शिव्या घालत मी हात वर करून उभी.

आणि डावीकडून विठा आली. काळा टी-शर्ट, कमरेला मेझरिंग टेप, पाय अनवाणी. रोज अंधारात यायची तशीच आली, घाई नाही, थांबणं नाही. प्रेक्षकांकडे तिने बघितलंही नाही. गादी गुंडाळून खांद्यावर टाकली, पलंगाची एक बाजू उचलून तो विंगेकडे वळवला आणि ढकलत नेला. तुषारचं नाव कलाकारांत नव्हतं, उजेडात त्याला स्टेजवर येता येत नव्हतं; तो विंगेतून घाबरून बघत होता, म्हणून सगळं तिने एकटीनेच केलं. खुर्च्या एकीत एक घालून नेल्या. टेबल नेलं. ट्रंका ओढत आणल्या. पाऊल पट्टीवर टेकवून जागा बघायची, मग ट्रंक त्यावर. आमचं घर आमच्या डोळ्यांसमोर रिकामं होत होतं आणि रिकामं करणाऱ्या बाईला त्याचं काहीच नव्हतं, तिला फक्त काम नीट व्हायला हवं होतं. मी तीन भावंडांतली थोरली, चार महिने ज्या रडण्याची तालीम करत होते ते मला तेव्हा आपोआप आलं.

जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. माझ्या पायाकडे बघितलं. माझा दंड धरून तिने मला चार बोटं मागे सरकवलं, माझ्या खुणेवर. प्रेक्षागृहात कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग तिने एकेका वस्तूला हात लावून पाहिला आणि निघून गेली. मोळी विंगेतच राहिली. टाळी पडली नाही. वाजवायची की नाही हेच लोकांना कळलं नसावं. आम्ही दुसरा प्रवेश सुरू केला आणि मला आठवतं त्याप्रमाणे आम्ही इतकं चांगलं काम त्याआधी कधी केलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सर लाल. “कोणाला विचारून?”

“तुमी मला कलाकार लिवलं,” विठा म्हणाली. “मी स्टेजवर आले. वस्तू मोजून घेऊ द्या आता, पुढचा ग्रुप खोळंबलाय.”

संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला. मुख्य परीक्षक एक म्हाताऱ्या बाई होत्या, पन्नास वर्षं नाटकात घालवलेल्या. त्यांना सगळे माई म्हणत आणि टरकूनही असत. आमच्या एकांकिकेला तिसरं बक्षीस मिळालं. मला काहीच नाही. आणि मग निवेदक म्हणाला, “अभिनय, उत्तेजनार्थ, विठा आगिवले.” सर ताडकन उठून टाळ्या वाजवायला लागले. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, “ब्लॅकआउट काढायचा, ही माझीच कल्पना.”

विठा वर गेली. माईंनी प्रमाणपत्र दिलं. लोक खाली उतरतात, ही तिथेच उभी राहून वाचायला लागली. मग तिने ते माईंच्या समोर परत धरलं.

“माई, हे चुकलंय. मी अभिनय केला नाय. मी सेट बदलला.”

निवेदकाने माइक बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“मुली, रंगमंच व्यवस्थेला बक्षीस नसतं आमच्याकडे,” माई म्हणाल्या. “तसा विभागच नाही.”

“मग हे मला नको. विभाग नाय म्हणून मी दुसऱ्याच कामाचं नाव लावून घरी नेऊ का? माझ्या आयला वाचून दाखवायचंय मला.”

संयोजकांपैकी कोणीतरी म्हणालं, पुढे चला, उशीर होतोय. माईंनी त्याला हातानेच थांबवलं. पर्स उघडून पेन काढलं, ‘अभिनय’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर सावकाश लिहिलं, रंगमंच व्यवस्था. कागद तिला दिला.

विठाने तो पुन्हा वाचला आणि पुन्हा माईंपुढे धरला. आता माईंचाही आवाज चढला. “आता काय राहिलं?”

“खोडलंय तिथं सही करा,” विठा म्हणाली. “नायतर लोक म्हणतील, हिनंच खोडलं.”

माईंनी सही केली.