तीन कोरडे खड्डे

तिसरा खड्डाही कोरडा निघाला, तेव्हा सोसायटीचे चेअरमन माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अजून किती पेव्हर ब्लॉक उखडायचे आहेत?"

मी हेडफोन गळ्यात टाकला आणि उगाचच वायर गुंडाळत बसलो.

मी लीक डिटेक्शनचं काम करतो. जमिनीखालचा पाइप कुठे गळतोय, ते वर उभं राहून शोधायचं. गळका पाइप फुसफुसतो, तो आवाज ग्राउंड माइक नावाच्या यंत्रातून ऐकायचा. या कामात मला सत्तावीस वर्षं झाली. बायको म्हणते, घरात दहा हाका मारल्या तरी ऐकू येत नाही आणि हा जमिनीखालचं ऐकायला जातो.

सोसायटी वसई पश्चिमेला, गिरीजच्या वाड्यांना लागून. महापालिकेचं पाणी पहाटे तासभर यायचं. गेटजवळच्या मीटरमधून जेवढं आत जायचं, त्याच्या निम्मंही मागच्या टाकीत पोचत नव्हतं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तरी मीटर फिरतच राहायचं. म्हणजे गळती मधेच कुठेतरी होती, यात शंका नाही. नळाला जेमतेम वीस मिनिटं पाणी. सेक्रेटरी कदमकाकू चौथ्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेले. धुणं, पुसणं, अंघोळ, सगळं त्या वीस मिनिटांत साठवलेल्या बादल्यांवर.

ड्रॉइंगमध्ये पाइपलाइन डाव्या कंपाउंडच्या कडेने सरळ दाखवली होती. मी तीन दिवस त्या कडेने अक्षरशः रांगलो. पाइप प्लास्टिकचा. तो लोखंडासारखा आवाज पुढे नेत नाही, आणि मेटल शोधणाऱ्या यंत्राला दिसतही नाही. जिथे थोडीशी शंका आली तिथे खणलं. वाळू निघाली, ती पण कोरडी.

दुपारी आमच्या पाटकर साहेबांचा फोन आला.

"परब, रिपोर्ट दे. गळती सापडत नाही, नवीन लाइन टाका."

"साहेब, नवीन लाइनची परवानगी यायला महिना जाईल. तोवर लोकांनी काय करायचं?"

"टँकर मागवतील. तू उद्यापासून नालासोपाऱ्याला जा."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. गुडघे सुजले होते, चेअरमनचं तोंड बघवत नव्हतं. कदमकाकूंनी फक्त विचारलं, "म्हणजे तुम्ही उद्या येणार नाही?" मी मान हलवली आणि सामान भरायला उजव्या कंपाउंडजवळ गेलो.

भिंतीपलीकडे राऊतकाकांची केळीची वाडी. काका पंप लावून बावखलातलं पाणी शिंपत होते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आमच्या वसईत वाडीवाडीत असायचं. मी सहज म्हटलं, "मे महिन्यात एवढं पाणी?"

"यंदा बावखल आटलंच नाय बघा," काका म्हणाले. "दरवर्षी या दिवसांत पोरं आत क्रिकेट खेळतात."

सोसायटीचं पाणी तर इथे येत नसेल? मी कंपाउंडला वळसा घालून वाडीत गेलो. बॅगेत क्लोरिन तपासायचं औषध असतं. नळाच्या पाण्यात थेंब टाकला की पाणी पिवळं होतं. बावखलाचं पाणी बाटलीत घेतलं, थेंब टाकला. काही नाही. पाणी तसंच. तेव्हा मात्र स्वतःचीच चीड आली. बुडत्याने काडी धरावी तसा मी वाटेल ते धरत होतो.

घरी जेवताना डोक्यात आलं. उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरिन उडून जातो. तपासायचं तर सप्लाय चालू असताना, आणि पाणी जिथून शिरतंय तिथेच. मी साहेबांना फोन करून एक दिवसाची रजा मागितली.

"रजेत काय करणार?"

"तेच."

"वेड लागलंय तुला," म्हणाले, पण रजा दिली.

पहाटे सप्लाय सुरू झाला तेव्हा मी बावखलाच्या कडेला उकिडवा बसलेलो. दर चार पावलांवर बाटली भरायची, थेंब टाकायचा. रंग नाही. पुढे सरकायचं. रंग नाही. सोसायटीच्या भिंतीखालच्या कोपऱ्यात हाताला पाणी गार लागलं. थेंब टाकला. फिकट, पण पिवळं.

"इथे आधी काय होतं, काका?" शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या राऊतकाकांना मी विचारलं.

"बावखलच. अर्धं तुमच्या सोसायटीखाली गेलं ना. बिल्डरला जागा दिली तेव्हा भराव टाकून बुजवलं."

मग सगळं उलगडलं. काकांनीच सांगितलं, डावीकडे जुन्या विहिरीचं दगडी बांधकाम होतं. ते फोडायचा कंटाळा करून प्लंबरने लाइन उजवीकडून, मऊ भरावातून नेली होती. ड्रॉइंग कुणी बदललंच नाही. पुढे भराव खचला, पाइप वाकला, जोड उघडला. पाणी वर न येता आपल्या जुन्या जागी, बावखलात जात राहिलं.

चेअरमननी उजव्या भिंतीलगत चौथा खड्डा खणायला साफ नकार दिला. कदमकाकू म्हणाल्या, "माझ्या सहीने खणा." तीन फुटांवर पाणी लागलं. दुपारपर्यंत जोड बदलला. दुसऱ्या पहाटे टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, मीटर जागच्या जागी थांबलं. व्हॉल्व्ह उघडला, टाकी काठोकाठ भरली.

राऊतकाकांना सांगितलं, "आता बावखल उतरेल हं."

"ते मला कालच कळलं होतं," ते म्हणाले आणि पंप उचलून वाडीतल्या विहिरीकडे निघाले.

रिपोर्टसाठी साहेबांनी विचारलं, गळती शोधायची पद्धत काय लिहू? मी म्हटलं, शेजाऱ्याला विचारलं असं लिहा. त्यांनी 'स्थानिक चौकशी' लिहिलं. पहिले तीन दिवस मी ज्याला चिकाटी समजत होतो, तो कागदावरचा विश्वास होता. चिकाटी लागली ती चौथ्या दिवशी, तीही रजा टाकून. तेव्हापासून नवीन साइटवर गेलो की ड्रॉइंग उघडण्याआधी मी कंपाउंडच्या बाहेरून एक चक्कर मारतो.