खांबामागची खुर्ची

चिठ्ठीबाईंच्या वर्गात दोनशे दहा मुलं. तास संपला की प्रत्येकाने मोबाइलवर तीन ओळी लिहायच्या: काय कळलं, काय नाही कळलं आणि विचारायचं काय राहून गेलं. या रोजच्या चिठ्ठीवरूनच मुलांनी बाईंना हे नाव ठेवलेलं. बाई सगळं वाचतात आणि अडलेल्याला त्याच दिवशी उत्तर पाठवतात. लोकांना वाटतं, केवढी ही माया! माया कसली? बाईंनी एका माणसावर डूख धरला होता आणि त्या जोरावर हा सगळा खटाटोप चालला होता.

तो माणूस म्हणजे त्यांचे गणिताचे सर. एकोणीस वर्षांपूर्वी याच सभागृहात, मोठ्या खांबामागे बसणाऱ्या या मुलीने एकदा धीर करून हात वर केला होता. सर म्हणाले, "अरे वा, आज खांबाला शंका आली!" वर्ग खो-खो हसला. पुढची तीन वर्षं ती "खांब" होती. पुन्हा तिने हात वर केला नाही आणि गणितात नापास झाली. आई म्हणाली, "अगं, विचारायचं नाही का?" यावर काय सांगणार, कपाळ?

यंदा वरून हुकूम आला. मोठे वर्ग शिकवणाऱ्या शिक्षकांनी पाच दिवस येऊन बाईंची पद्धत शिकायची. दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्यांच्या यादीत सरांचं नाव दिसलं आणि बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खुर्च्यांवर क्रमांक त्यांनी स्वतः चिकटवले. सरांची खुर्ची कुठे आली, हे सांगायला नकोच.

पहिल्या दिवशी खांबाच्या डावीकडून एक हात वर आला. थोड्या वेळाने उजवीकडून. बाई पडद्याकडे बोट दाखवत बोलतच राहिल्या. शेवटी तीन ओळींची वेळ झाली. सरांनी एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत लिहिलं, "काहीच कळलं नाही. खांबामुळे पडदा दिसत नाही. दोनदा हात वर केला, तो तुम्हाला दिसला नाही का?"

बाईंच्या हातात माइक होता. "खांबाला शंका आली," एवढंच म्हणायचं होतं. जीभ नुसती वळवळत होती. पण कुणाचंही लिहिलेलं चारचौघांत वाचायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यावर विसंबून तर मुलं खरं लिहीत होती. इथे वाचून दाखवलं, तर ही बातमी मुलांपर्यंत जायला कितीसा वेळ? उद्यापासून सगळी "छान होतं" लिहून मोकळी झाली असती. बाईंनी चरफडत माइक ठेवला आणि फोन उचलला.

"दिसला होता," त्यांनी सरांना उत्तर पाठवलं. "एकोणीस वर्षांपूर्वी तुम्हालाही माझा दिसला होता. मी तिथेच बसायचे. तुम्ही म्हणालात, खांबाला शंका आली."

खांबाआडून एक पांढरं डोकं बाहेर आलं आणि बाईंकडे पाहत राहिलं. मग उत्तर आलं, "माफ करा. मला काही आठवत नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं त्या जळत राहिल्या आणि या गृहस्थाला त्याचा पत्ताच नव्हता!

त्यांनी लिहिलं, "हरकत नाही सर. अजून चार दिवस आहेत. खुर्ची तीच."