बग्गीच्या दारात अडकलेली मडम

पिवळ्या पडलेल्या कागदाचा आंबूस वास आला की मी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या रद्दीच्या दुकानात जाऊन पोचतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सचित्र विलायती वर्तमानपत्रांची मुखपृष्ठं मी आणि कॉलेजातली माझी एक मैत्रीण तिथे शोधायचो; बड्या लोकांच्या नखऱ्यांची त्यांवर झकास टर उडवलेली असे. मी लग्नांतल्या उधळपट्टीविरुद्ध पत्रकं लिहायचो आणि ती त्यांवर ही चित्रं उतरवून द्यायची. त्या दुपारी तिला घुमटाएवढा झगा घालून बग्गीच्या दारात अडकलेली एक मडम सापडली. मी खूश होऊन म्हणालो, "हेच टाकू पुढच्या पत्रकावर." चित्रावरची धूळ ओढणीनं पुसत ती म्हणाली, "मंग पयलं पत्रक आमच्या अकोटले वाट. माह्यं लगन ठरलं. बाबानं सारं गाव बलावलं." "तू नाई म्हन ना," मी म्हणालो. "म्हनीन. पन कोनासाठी म्हनू, थे त सांग," असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी खर्चावर, मानपानावर, हुंड्यावर बोलत सुटलो. शेवटी दुकानदारकाका गठ्ठ्यांआडून ओरडले, "अबे, थे पोरगी काय पुसून राहिली अन् तू काय सांगून राहिला!" ती हसली, चित्र माझ्या हातात ठेवून अकोटची एसटी गाठायला निघून गेली. आता मी अमरावतीत असतो आणि सभेत मला शब्द कधी कमी पडत नाहीत. खोलीवर परतल्यावर मात्र तिला द्यायचं राहिलेलं उत्तर एकटाच म्हणून बघतो: माह्यासाठी नाई म्हन.